हरताळाखालची अक्षरे : चित्रकला, स्मृती आणि ‘पॅलिम्प्सेस्ट’

‘सर्व नियमांना हरताळ फासला’ हे वाक्य वर्तमानपत्रात आपण नेहमी वाचतो. बाजार बंद ठेवण्याचा हरताळ निराळा आणि हा निराळा. हा हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचे पिवळे खनिज. छापखाने नव्हते त्या काळी पोथी लिहिताना लेखनिकाच्या हातून चूक झाली, तर हरताळाची पूड डिंकाच्या पाण्यात कालवून तो त्या अक्षरावर फासत असे आणि लेप वाळला की त्याच जागी शुद्ध अक्षर लिहीत असे. चुकीचे अक्षर नाहीसे होत नसे, फक्त झाकले जात असे. लेप जेथे विरळ झाला आहे, तेथे शेकडो वर्षांनंतरही खालचे अक्षर अस्पष्ट दिसते. पोथ्या गेल्या, हरताळ गेला, पण वाक्प्रचार राहिला. भाषेच्या वरच्या थराखाली एक विसरलेला उद्योग असा जिवंत राहिला आहे.

एकावर एक थर चढलेली आणि तरीही खालचा थर पूर्णपणे मेलेला नाही अशी जी वस्तू, तिला युरोपीय भाषांत ‘पॅलिम्प्सेस्ट’ असे नाव आहे. अलीकडे कलासमीक्षेत, इतिहासात आणि मानसशास्त्रातही हा शब्द वारंवार येतो. तो पुष्कळदा इतक्या सैलपणे वापरला जातो की जुने-नवे एकत्र दिसले की झाला पॅलिम्प्सेस्ट! प्रस्तुत लेखात या कल्पनेचा नेमका अर्थ काय आणि आपल्या खानदेशाच्या उंबरठ्यावर असलेल्या अजिंठ्याच्या भिंतींवर ती कशी पाहावयास मिळते, याचा विचार करावयाचा आहे.

त्यासाठी मराठीतील तीन साधी क्रियापदे हाताशी ठेवू. पुसणे, लिंपणे आणि गिरवणे. पुसणारा खालचे काढून टाकतो. लिंपणारा खालचे झाकतो. गिरवणारा खालच्याच रेषेवरून पुन्हा हात फिरवतो. तिघांच्याही हातून नवा थर तयार होतो. परंतु खालच्या थराचे भवितव्य तिन्ही ठिकाणी वेगळे असते.

शब्दाची जन्मकथा

हा शब्द मूळ ग्रीक. ‘पुन्हा घासलेले’ असा त्याचा अर्थ. युरोपात कागद येण्यापूर्वी ग्रंथ कमावलेल्या कातड्यावर लिहीत. कातडे महाग होते. तेव्हा ज्या ग्रंथाची गरज संपली असे वाटे त्याची पाने धुऊन, खरवडून त्यांवर दुसरा ग्रंथ लिहिला जाई. शाई मात्र कातड्यात मुरलेली असे. कालांतराने पुसलेली अक्षरे फिकट तपकिरी रंगात पुन्हा वर येऊ लागत.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आपल्याकडील धूळपाटी हा पॅलिम्प्सेस्ट नव्हे. पाटीवर पसरलेल्या धुळीत मुलाने काढलेले अक्षर हात फिरवताच कायमचे जाते. उद्याच्या धुळीला कालच्या अक्षराची काहीच आठवण नसते. पॅलिम्प्सेस्ट होण्यासाठी पृष्ठभागाने खूण धरून ठेवली पाहिजे. कातडे, गिलावा, तांबे, कॅनव्हास हे धरून ठेवणारे पृष्ठभाग आहेत. आपल्याकडेही जुना ताम्रपट ठोकून सपाट करायचा आणि त्यावर नवे दानपत्र कोरायचे, असे घडलेले आहे. अशा पत्र्यावर नव्या अक्षरांच्या मधून जुन्या अक्षरांचे अवशेष दिसतात आणि ताम्रपटांचे अभ्यासक त्यालाही हाच ग्रीक शब्द लावतात.

या विषयातील सर्वांत गाजलेली घटना १८१९ सालची. व्हॅटिकनच्या ग्रंथालयाचे प्रमुख अँजेलो माय यांना संत ऑगस्टीनच्या स्तोत्रभाष्याच्या एका जुन्या हस्तलिखिताखाली दुसरीच अक्षरे दिसली. ती निघाली रोमन वक्ता सिसरो याच्या राज्यव्यवस्थेवरील ग्रंथाची. हा ग्रंथ शतकानुशतके हरवला आहे असे विद्वान मानीत होते. १८२२ साली मायने तो छापून प्रसिद्ध केला. हरवलेला ग्रंथ हरवलेला नव्हता. दुसऱ्या ग्रंथाच्या पोटात सुरक्षित होता. गंमत अशी की ज्या भाष्याने सिसरोला झाकले, त्यानेच त्याला वाचवले. ऑगस्टीनचे भाष्य पवित्र म्हणून जपले गेले आणि त्याच्या आश्रयाने सिसरोची पाने टिकली.

पण या कथेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पुसट अक्षरे उठून दिसावीत म्हणून मायच्या पिढीतील विद्वान मायफळासारख्या तुरट पदार्थांचा अर्क पानांवर फिरवीत. अक्षरे क्षणभर स्पष्ट होत आणि पुढे पान काळवंडत जाई. वाचण्याच्या उत्सुकतेने वाचावयाची वस्तूच बिघडली. आर्किमिडीजच्या ग्रंथाच्या बाबतीत याच्या उलट घडले. त्याची दहाव्या शतकातील प्रत खरवडून १२२९ साली तिचे प्रार्थनापुस्तक करण्यात आले होते. १९०६ साली हायबर्ग या डॅनिश विद्वानाने खालचा मजकूर ओळखला. विसाव्या शतकात कोणीतरी काही पानांवर बनावट जुनी चित्रे रंगवून आणखी एक थर चढवला. अखेर १९९९ पासून सुमारे दहा वर्षे अमेरिकेत बाल्टिमोर येथे निरनिराळ्या तरंगलांबीच्या प्रकाशात छायाचित्रे घेऊन आणि क्ष-किरणांच्या साहाय्याने, प्रार्थनेचे एकही अक्षर न खोडता, खालचे गणित वाचण्यात आले. वरचे न मारता खालचे वाचणे ही या सगळ्या प्रयत्नातली खरी प्रगती होय.

अजिंठ्याची भिंत

अजिंठ्याची लेणी आज छत्रपती संभाजीनगर (पूर्वीच्या औरंगाबाद) जिल्ह्यात मोडतात. परंतु त्यांची वाट जळगावकडून. जळगाव स्टेशनपासून लेणी सुमारे साठ किलोमीटरवर आहेत. आपल्यापैकी बहुतेकांनी ती शाळेच्या सहलीत पाहिलेली असतात. त्या सहलीत पहिल्या लेण्यातील पद्मपाणी सर्वांना दाखवतात. नवव्या आणि दहाव्या लेण्यांपुढे मात्र रांग फारशी थांबत नाही. चित्रे काळसर, तुटक, एकात एक मिसळलेली. काय पाहावे हेच कळत नाही. पॅलिम्प्सेस्टच्या दृष्टीने मात्र अजिंठ्यातील सर्वांत महत्त्वाच्या भिंती याच दोन लेण्यांत आहेत.

दहावे लेणे हे अजिंठ्यातील सर्वांत जुने चैत्यगृह. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातले. दर्शनी भागावरील ब्राह्मी लेखात वासिठीपुत कटहादी या दात्याचे नाव आहे. आत एकोणचाळीस अष्टकोनी खांब आणि टोकाला स्तूप. त्या काळी बुद्धाची मूर्ती घडवण्याची पद्धत नव्हती. स्तूप, बोधिवृक्ष, पादुका अशा चिन्हांनीच त्याचे अस्तित्व दाखवले जाई. म्हणून डाव्या भिंतीवरील सर्वांत जुन्या चित्रात राजा आपल्या परिवारासह बोधिवृक्षाच्या पूजेला निघाला आहे, पण बुद्ध कोठेच नाही. उजव्या भिंतीवर षड्दंत आणि श्याम या जातककथा आहेत.

पुढे सुमारे पाचशे वर्षे गेली. इसवी सनाच्या पाचव्या शतकात, वाकाटक राजा हरिषेण याच्या सुमारास, अजिंठ्यात पुन्हा छिन्नी वाजू लागली. दरम्यान धर्माचे रूप पालटले होते. आता भाविकाला बुद्ध डोळ्यांनी पाहावयाचा होता. नव्या चित्रकारांनी जुन्या चैत्यगृहांतही काम केले. दहाव्या लेण्याच्या खांबांवर त्यांनी नवा गिलावा चढवून उभ्या-बसलेल्या बुद्धांच्या आकृती रंगवल्या. नवव्या लेण्यातही जुन्या चित्रांवर नवा थर आला. तेथे वरचा गिलावा ज्या जागी निखळून पडला, त्या जागी खालचे पहिले चित्र उघडे पडले. म्हणजे एकाच भिंतीवर, हातभर अंतरात, न दाखवलेला बुद्ध आणि दाखवलेला बुद्ध शेजारी-शेजारी दिसतात. धर्माच्या इतिहासातील एवढे मोठे स्थित्यंतर समजावून देणारी दुसरी भिंत सापडणे कठीण.

हे थर ओळखावयाचे कसे? चित्रपद्धती समजली की डोळा तयार होतो. अजिंठ्याची चित्रे ओल्या चुन्यावर काढलेली नाहीत. प्रथम खडकाचा पृष्ठभाग टाचून खडबडीत केला जाई. त्यावर माती, खडीची भुकटी, भाताचा तूस, गवताचे तंतू यांचा गिलावा. त्यावर अधिक बारीक मातीचा दुसरा हात. शेवटी चुन्याचा पातळ लेप. आपल्याकडे मातीच्या भिंती लिंपताना मातीत भुसा आणि शेण घालतात, त्याचीच ही शास्त्रशुद्ध थोरली बहीण म्हणावी. लेप सुकल्यावर गेरूने रेखाटन, मग सरसात कालवलेले रंग आणि अखेरीस बाह्यरेषा पक्की. वरचा रंग उडाला की खालची गेरूची रेषा दिसू लागते. पुष्कळ ठिकाणी हात किंवा खांदा आधी एका जागी काढून नंतर थोडा सरकवलेला दिसतो. चित्रकाराने मन बदलले, त्याची ती खूण आहे.

रंगही साक्ष देतात. जुन्या थरात गेरू, पिवळी माती, काजळी, पांढरा आणि हिरवी माती एवढेच मुख्य रंग भेटतात. गर्द निळा रंग म्हणजे लाजवर्द नावाच्या दगडाची भुकटी. तो अफगाणिस्तानकडून येई आणि अजिंठ्यात तो नंतरच्या काळातील चित्रांचे लक्षण आहे. तेव्हा भिंतीवर निळा दिसला की आपण वाकाटककाळाच्या थरावर आहोत असे समजावे.

आता प्रश्न असा की पाचव्या शतकातील चित्रकारांनी जुन्या चित्रांना हरताळ फासला असे म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. त्यांनी स्तूप फोडला नाही. लेणे तेच, पूजास्थान तेच, श्रद्धाही त्याच परंपरेतील. फक्त तिची भाषा बदललेली. हे पुसणे नव्हे, लिंपणे आहे. दिवाळीपूर्वी आपण घराची भिंत पोतारतो ती आजोबांच्या भिंतीचा द्वेष म्हणून नव्हे; घर चालते आहे म्हणून.

एप्रिल १८१९

याच दहाव्या लेण्यात एका खांबावर रंगवलेल्या आकृतीच्या अंगावर टोकदार वस्तूने कोरलेले एक इंग्रजी नाव आहे : जॉन स्मिथ, अठ्ठाविसावे घोडदळ, आणि पुढे एप्रिल १८१९ मधील तारीख. मद्रास फौजेतील हा अधिकारी शिकारीला आला असता लेण्यांत शिरला. स्मिथने लेणी ‘शोधली’ असे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. परिसरातील लोकांना ती ठाऊकच होती. विसर पडला होता तो बाहेरच्या जगाला. त्याचे नाव आज माणसाच्या डोक्याहून उंचावर दिसते. कारण त्या वेळी लेण्यात दगडमातीचा कित्येक फूट उंचीचा ढीग साचला होता आणि स्मिथ त्या ढिगावर उभा होता. म्हणजे ते नाव केवळ नाव नाही. एके काळी जमीन कोठपर्यंत आली होती याची ती खूणही आहे.

ज्या वर्षी रोममध्ये एक माणूस वरच्या अक्षरांखालचे अक्षर वाचत होता, त्याच वर्षी अजिंठ्यात दुसरा माणूस बुद्धाच्या चित्रावर आपले अक्षर कोरत होता. योगायोगच, परंतु पॅलिम्प्सेस्टचे दोन टोकांचे अर्थ त्यात सापडतात.

स्मिथचा ओरखडा हा थर मानावयाचा की इजा? पाचव्या शतकातील चित्रकारानेही जुन्या चित्रावर हात टाकलाच होता. मग एकाला कलावंत आणि दुसऱ्याला नासधूस करणारा का म्हणावयाचे? माझ्या मते भेद हेतूत आहे तितकाच कृतीच्या जातीत आहे. चित्रकाराने भिंतीला काही दिले. त्याच्या गिलाव्याने खालचे झाकले पण सांभाळलेही. ओरखडा भिंतीतून काही काढून घेतो आणि त्याच्याखाली काहीही शिल्लक ठेवत नाही. आज स्मिथचे नाव पुसून टाकावे असे कोणी म्हणत नाही, कारण दोनशे वर्षांनी तोही पुरावा झाला आहे. पण म्हणून त्याच्या शेजारी दुसरे नाव कोरण्याचा परवाना कोणास मिळत नाही. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. संरक्षित स्मारक विद्रूप करणाऱ्यास आता दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सहलीला जाणाऱ्या आपल्या मंडळींनी बदामाच्या चित्रात दोन आद्याक्षरे कोरण्यापूर्वी याचा विचार करावा.

गिरवणारे हात

१८४४ साली मद्रास फौजेतील मेजर रॉबर्ट गिल यास अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यासाठी नेमण्यात आले. सुमारे वीस वर्षे तो या कामात होता. त्याच्या मोठ्या तैलनकला लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या आणि डिसेंबर १८६६ च्या आगीत थोड्या वगळता सर्व भस्मसात झाल्या. गिल १८७९ साली वारला. त्याची कबर आपल्या भुसावळला आहे. पुढे मुंबईच्या सर ज. जी. कला शाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन पुन्हा नकला केल्या. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकी एक. १८८५ साली लंडनला लागलेल्या आगीत त्यांतीलही पुष्कळ नकला गेल्या. उरलेल्यांच्या आधारे १८९६-९७ मध्ये ग्रिफिथ्स यांचा ग्रंथ निघाला. १९०९ ते १९११ मध्ये लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर नंदलाल बोस, असितकुमार हालदार हे तरुण चित्रकार येथे राहिले आणि अजिंठ्याची रेषा बंगालच्या नव्या चित्रकलेत उतरली.

गिरवण्याचा हा प्रकार पाहण्यासारखा आहे. नक्कल भिंतीवर चढत नाही; ती दूर कागदावर वा कॅनव्हासवर राहते. भिंतीवरील मूळ चित्र पडून गेले असेल तर नक्कलच त्याची आठवण होते. अजिंठ्यातील काही आकृती आज ग्रिफिथ्सच्या पुस्तकात दिसतात, भिंतीवर दिसत नाहीत.

परंतु या हातांनी भिंतीलाही काही केले. रंग उजळ दिसावेत म्हणून नकला करताना चित्रांवर रोगण फासले गेले. नंतर निजाम सरकारने इटलीहून चेकोनी आणि ओर्सिनी हे तज्ज्ञ आणवले. १९२० ते १९२२ या काळात त्यांनी सुटलेला गिलावा खडकाला पुन्हा चिकटवला. हे उपकार थोर. पण त्यांनी वापरलेले लाखेचे रोगण पुढे पिवळे-तपकिरी पडले आणि त्यावर धूळ, काजळी बसली. मायच्या अर्काची कथा येथे पुन्हा घडली. १९५३ नंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनशास्त्रज्ञांनी हे रोगण कणाकणाने काढण्याचे काम चालवले. नवव्या-दहाव्या लेण्यांतील कित्येक आकृती अलीकडच्या सफाईनंतरच ओळखू येऊ लागल्या आहेत.

सफाई करणाऱ्यापुढचा पेच सोपा नाही. रोगण काढावयाचे, हे ठरले. त्याखालचा पाचव्या शतकातील बुद्ध काढून त्याखालचे आणखी जुने चित्र पाहावयाचे काय? तेथे हात थांबलाच पाहिजे. अधिक जुने म्हणजे अधिक खरे, हा हिशेब येथे लागू पडत नाही.

पोथीची सफाई

हाच पेच ग्रंथांच्या बाबतीतही येतो. ज्ञानेश्वरीच्या प्रती करता-करता पाठ बिघडले, भर पडली, म्हणून एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, तिची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि पुढे कोणी त्यात आपली ओवी घालू नये असे बजावले. नाथांनी वरची पुटे पुसली. तीन शतकांनंतर इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी प्रश्न केला की नाथांच्या सफाईपूर्वीची ज्ञानेश्वरी कशी होती? नाथपूर्व समजलेल्या एका पोथीवरून १९०९ साली त्यांनी आपली प्रत छापली. म्हणजे ज्याने थर काढले त्याची सफाई हाही काळाच्या ओघात एक थर ठरला आणि दुसरा संशोधक त्याखाली पाहू लागला. नाथांचे ऋण याने कमी होत नाही. ग्रंथ वारकऱ्यांच्या मुखी टिकला तो त्यांच्या परंपरेमुळे. पण ‘आता हेच मूळ’ असे म्हणून दार बंद करता येत नाही, हे यातून दिसते.

राजवाड्यांनी जन्मभर गावोगाव फिरून दप्तरे, रुमाल आणि पोथ्या जमवल्या. त्यांचा अंत ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यास झाला. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ १९२७ पासून धुळ्यात आहे, आणि शंकर श्रीकृष्ण देव यांनी जमवलेल्या समर्थ संप्रदायाच्या पोथ्या त्याच शहरात समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. ज्याला हरताळाखालचे अक्षर पाहावयाचे असेल त्याला लंडन-रोमला जाण्याची गरज नाही, धुळ्याची एस.टी. पुरेशी आहे.

आधुनिक चित्रकलेत

पूर्वीच्या चित्रकाराला खालचा थर लपवावयाचा असे. क्ष-किरणांनी तो आता उघडा पडतो. पिकासोच्या १९०३-०४ मधील ‘वृद्ध गिटारवादक’ या चित्रात म्हाताऱ्याच्या मानेमागे एका स्त्रीचा चेहरा आहे. कॅनव्हास विकत घ्यावयाला पैसे नसले की चित्रकार जुन्यावरच रंगवीत. गरज कातड्याचीच, फक्त काळ निराळा.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा थर लपवण्याऐवजी चित्राचा विषयच झाला. १९५३ साली अमेरिकन चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्ग याने विलेम डी कूनिंग या नामवंत चित्रकाराकडून एक रेखाचित्र मागून घेतले आणि कित्येक आठवडे रबराने पुसून तो जवळजवळ कोरा कागद चौकटीत लावला. पुसण्यालाच त्याने चित्र म्हटले. कागदावर पुसट खुणा उरल्याच, आणि पुढे यांत्रिक छायाचित्रणाने त्या अधिक स्पष्ट वाचता आल्या.

आपल्याकडे वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांची चित्रे या संदर्भात पाहावीत. नागपूरला जन्मलेले, १९४८ साली सर ज. जी. कला शाळेतून बाहेर पडलेले गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफ यांनी रंगाचे थर देत, काही काढून घेत, पुन्हा देत. त्यांच्या चित्रात खालच्या थराचा उजेड वरच्या थरातून पाझरतो. येथे लपवलेली आकृती नाही आणि उकलावयाची गोष्टही नाही. लावलेला आणि काढलेला काळच तेवढा दिसतो.

स्मृतीची पाटी

मेंदूला पॅलिम्प्सेस्टची उपमा प्रथम ठळकपणे दिली ती टॉमस डी क्विन्सी या इंग्रज निबंधकाराने, १८४५ साली. त्याचे म्हणणे असे की स्मृतीवर नवनवे थर पडतात, पण एकही थर पुसला जात नाही. ताप, मरणाची घटका अशा वेळी अगदी तळचाही वर येतो. पुढे १९२५ साली फ्रॉइडने मुलांच्या जादूच्या पाटीचे उदाहरण घेतले. जत्रेत मिळणारी ती पाटी आपणही वापरलेली असते. वरचा पातळ कागद उचलला की लिहिलेले जाते. परंतु खालच्या मेणावर खूण राहते आणि तिरप्या उजेडात ती दिसते. मन नेहमी कोरे होते आणि तरीही काही विसरत नाही, हे त्याला या पाटीवरून सांगावयाचे होते.

दोघांनीही गृहीत धरले की तळचा थर जसाच्या तसा राहतो. नंतरच्या संशोधनाने येथे शंका घेतली. इंग्रज मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट याने १९३२ च्या आपल्या ग्रंथात दाखवले की माणूस आठवतो तेव्हा साठवलेले चित्र बाहेर काढत नाही. ते आपल्या समजुतीप्रमाणे पुन्हा रचतो. २००० साली उंदरांवर झालेल्या प्रयोगांतून असे दिसले की जागी केलेली आठवण काही काळ कच्ची होते आणि पुन्हा पक्की व्हावी लागते. तेव्हा आठवणे म्हणजे केवळ वाचणे नव्हे. ते गिरवणे आहे. प्रत्येक वेळी हात किंचित सरकतो. आजी तीच गोष्ट दर वेळी थोडी निराळी सांगते ती खोटे बोलते म्हणून नव्हे.

बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचे उदाहरण येथे मोलाचे आहे. त्यांना अक्षरओळख नव्हती. शेतात, जात्यावर सुचलेली गाणी मुखातच राहिली. चिरंजीव सोपानदेव आणि मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी जी टिपून घेतली, ती १९५२ साली पुस्तकरूपाने आली. जी टिपली गेली नाहीत ती धूळपाटीवरच्या अक्षरासारखी गेली. आठवणीला धरून ठेवणारा पृष्ठभाग वेळेवर मिळणे किती महत्त्वाचे आहे, हे आपल्या मातीतच असे शिकता येते.

आपल्या प्रदेशाचे नाव

माणसाप्रमाणे प्रदेशही थर बाळगतो. यादवांच्या काळी या भागाला सेउणदेश म्हणत. ‘खानदेश’ हे नाव कान्हदेशावरून आले असे काही मानतात. गुजरातच्या सुलतानाने फारुकी राजांना दिलेल्या ‘खान’ किताबावरून आले असे दुसरे म्हणतात. १६०१ साली असीरगड घेतल्यावर अकबराने शाहजादा दानियाल याच्या नावाने ‘दानदेश’ असे नवे नाव दिले. सत्ता होती, फर्मान होते, पण नाव मुरले नाही. लोकांच्या तोंडी खानदेशच राहिले. इंग्रजांनी १९०६ साली पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर त्यांचे जळगाव आणि धुळे जिल्हे झाले. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. नकाशावर ‘खानदेश’ कोठेच नाही, आणि तरी खानदेशी भरीत, खानदेशी माणूस, खानदेशी बोली हे शब्द रोज वापरात आहेत. पुसल्या गेलेल्या नावाचा याहून सबळ पुरावा कोणता?

समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी थोडक्यात मांडता येतील. पहिली, वरचा थर हा खालच्याचा शत्रू असतोच असे नाही. पुष्कळदा तोच त्याचे कवच असतो. दुसरी, मुळापर्यंत पोचण्यासाठी खरवडणे हेही निरुपद्रवी नाही. खरवडणाऱ्याचा हात हा एक नवा थरच असतो. तिसरी, म्हणून थर देणाऱ्याने, काढणाऱ्याने आणि पाहणाऱ्याने एक पथ्य पाळावयाचे आहे : आपल्यामागून येणाऱ्याला खालचे वाचता येईल इतके शिल्लक ठेवावयाचे.

हे पथ्य केवळ चित्रांपुरते नाही. एखाद्या वास्तूचा, ग्रंथाचा, गावाच्या नावाचा एकच थर खरा आणि बाकीची घाण, असे म्हणणारे आवाज प्रत्येक पिढीत उठतात. त्यांना उत्तर देण्यासाठी वादविवादापेक्षा तयार डोळा अधिक उपयोगी पडतो. तो डोळा तयार करण्याची सोय आपल्याला घरापासून दीड-दोन तासांच्या अंतरावर आहे. पुढच्या वेळी सहल पहिल्या लेण्यापाशी रेंगाळेल तेव्हा दोघे-चौघे जण दहाव्या लेण्यात जा. डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबा. निळा शोधा, गेरूची उघडी रेषा शोधा, गिलाव्याची तुटलेली कड शोधा. तिच्या अलीकडे एक शतक आणि पलीकडे दुसरे असेल. मग स्मिथचे नाव पाहा, आणि हात खिशातच ठेवून परत या.